सतरा वेळा लाल दिवा

"परत थांबलं," बांग म्हणाला.

यंत्रावरचा लाल दिवा लागला होता. हनुवटी टेकवून, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत प्योबाई तशाच बसून होत्या.

"माझं काही चुकलं का, इंजिनियरसाहेब?"

"तुमचं कशाला चुकेल? यंत्राचं चुकतंय."

त्याची तशी खात्रीच होती. प्रयोगशाळेच्याच इमारतीत, तळमजल्यावर, प्योबाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. बारीकातल्या बारीक सुईत एका दमात दोरा ओवणारी बाई. तिची नजर हलेल, हे देजॉन शहरात कुणी मानलं नसतं. म्हणून तर बांगने चाचणीसाठी त्यांनाच गाठलं होतं. लेसर बंदच असायचा. डोळा स्थिर ठेवून बसायचं, एवढंच त्यांचं काम.

यंत्राचं कामही सांगायला सोपं होतं. डोळ्याच्या पडद्यावर लेसर चालू असताना डोळा केसभर हलला, तरी किरण तिथल्या तिथे तोडायचा, म्हणजे चांगला पडदा भाजत नाही. या एवढ्याशा कामात बांगची बारा वर्षं गेली होती. आता पेटंट कार्यालयाने एकच मागणी केली होती: यंत्र विनाकारण थांबत नाही, हे नोव्हेंबरअखेर दाखवा. नाहीतर अर्ज बाद.

आणि ते थांबत होतं. दर बुधवारी, एकदाच, तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास.

त्याच सुमारास बांग व्हरांड्यातल्या कॉफीयंत्रातून दोन कागदी कप भरून आणायचा. दार हळूच लोटून खिडकीपाशी उभा राहायचा आणि चाचणी संपली की एक कप प्योबाईंना द्यायचा. मग दहा मिनिटं गप्पा. ही दहा मिनिटं सोडली, तर आठवडाभर बांगशी कामाखेरीज कुणी बोलत नसे. छुसॉकच्या सणाला थोरल्या भावाकडे जातो असं सगळ्यांना सांगून तो तीन दिवस घरातच बसला होता, पातेल्यातूनच शेवया खात. एकटेपणा त्याला खुपायचा, पण ते सांगणार कुणाला?

"तुमच्या कोटाचं दुसरं बटण लोंबतंय," प्योबाई कप हातात घेत म्हणाल्या. "दुकानात टाकून जा की. बटणाला पेटंट लागत नाही काही."

"आणतो, आणतो."

त्याचं लक्ष बटणाकडे नव्हतंच. तो हातातल्या कपाकडे बघत होता. मागे एका बुधवारी तो सर्दीने घरी होता. चाचणी मदतनिसाने घेतली आणि त्या दिवशी दिवा लागला नव्हता. कॉफीही कुणी काढली नव्हती! म्हणजे कॉफीयंत्र सुरू झालं की वीज क्षणभर खाली येते, आणि आपलं यंत्र बिचकतं. इतकं साधं!

त्याने चाचणीच्या खोलीला वेगळी वायर ओढून घेतली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पुढच्या बुधवारी मोठ्या थाटात दोन कप घेऊन आत आला.

लाल दिवा लागला.

मग त्याने यंत्राखाली रबर घातलं, भिंगं बदलली, आज्ञावली नव्याने लिहिली. आलेख पाहून पाहून डोळे दुखले. दिवा लागायचा तो लागलाच. नोव्हेंबरचे तीन बुधवार उरले.

"बांगसाहेब, यंत्र बदलून झालं, वायर बदलून झाली," विभागप्रमुख कू म्हणाले. "आता डोळा बदला. बारा वर्षांवर पाणी सोडाल, पण त्या बाईंना नको म्हणणार नाही. हे काय?"

बांग टेबलावरचे आलेख गोळा करू लागला.

त्या बुधवारी त्याने कप टेबलावर ठेवले. "बाई, पुढच्या वेळेपासून दुसरं कुणीतरी बसेल. तुमच्या नजरेतच काहीतरी आहे, असं दिसतंय."

प्योबाई लाल झाल्या. "म्हणजे कळलं तुम्हाला."

"यंत्रापासून काही लपत नाही," तो कसंबसं हसून म्हणाला.

"मला वाटलं होतं..." त्या थांबल्या. मग उठून कमरेत वाकल्या. "त्रास दिला. माफ करा."

त्यांची कॉफी तशीच राहिली.

त्यांच्या जागी तिरंदाजी शिकवणारे एक गृहस्थ आले. बांग सवयीने दोन कप घेऊन आत शिरला. दिवा लागला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. जानेवारीत पेटंट मिळालं, कूसाहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं, टाळ्या झाल्या. कोट काढून ठेवताना दुसरं बटण त्याच्या हातात आलं.

सकाळी बटण खिशात घालून तो तळमजल्यावर गेला. दुकान बंद होतं. भाड्याने देणे आहे, अशी पाटी होती.

"त्या गुनसानला गेल्या, बहिणीकडे," शेजारचा भाजीवाला म्हणाला. "तुम्हाला सांगून नाही गेल्या?"

बांग वर आला. चाचणी संपल्यावर डोळ्यांची छायाचित्रं पुसून टाकायचा नियम होता. यंत्र थांबलं की ते दर वेळी एक छायाचित्र काढून ठेवायचं. बांगने आजवर फक्त आलेख पाहिले होते. पुसण्याआधी त्याने पहिलं छायाचित्र उघडलं.

प्योबाईंचा डोळा हिरवा ठिपका सोडून खिडकीकडे वळला होता. त्याने छायाचित्र मोठं केलं. बुबुळावर खिडकीचा उजेड पडला होता आणि त्या उजेडात एक इवलासा माणूस उभा होता. दुसऱ्या छायाचित्रातही तो होता. तिसऱ्यातही. सतराच्या सतरा छायाचित्रांत तोच माणूस, दोन्ही हातांत एकेक कागदी कप घेतलेला.