कारण लिहायचं नाही

इंग्रजीच्या क्लासात सत्यजीत सरांनी लाल पेन उचललं आणि धनश्रीचं वाक्य आडवं खोडलं. कुठल्याशा देशातल्या चहा-कॉफीच्या खपाचा चार्ट होता. चहाची रेघ खाली आली होती, कॉफीची वर चढली होती. धनश्रीनं इंग्रजीत लिहिलं होतं, त्या वर्षी थंडी फार पडल्यामुळे लोक कॉफीकडे वळले.

"थंडी कुठं दिसली तुला ह्यात?"

"असणार ना सर. उगाच कोण सवय मोडतंय?"

"खरंही असेल. पण चार्टात ते नाही," सर म्हणाले. "निबंध झकास लिहितेस. मार्क जातात ते ह्या कारणांपायी. काय वाढलं, काय घटलं, कधी, तेवढंच लिही. का, ते तुझ्या मनातलं असतं."

धनश्री शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिला मुलाखतीत निवडलं होतं, पण इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचा बँड, म्हणजे गुणांची पातळी, अर्ध्यानं हुकला होता. आता रविवारची शेवटची संधी. ती गेली की जागा दुसरीला. ह्या खेपेला बँड काढायचाच, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण कारण शोधायची खोड घरातूनच लागलेली. केंदूरच्या त्यांच्या वस्तीवर मेंढी लंगडली की का, कांद्याचा भाव पडला की का. कारण सांगितल्याशिवाय तिकडे कुणाचं बोलणं पुरं होत नसे.

"सरावाला घरातलं काहीही घे," सर म्हणाले. "दिवाळीआधी कसं होतं, आता कसं आहे. कारण आलं की पान फाडायचं."

जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी येताना तिनं विचार केला. घरात बदललं होतं ते एकच माणूस. तिचे वडील, म्हस्कूआबा. दिवाळीत तिनं पाटसच्या साखर कारखान्यातल्या मुलाचं स्थळ नाकारलं आणि परदेशी जायचंय म्हणून सांगून टाकलं. तेव्हापासून आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती ड्यूटीवरून येऊन, चहा पिऊन मागच्या खोलीत पेपर सोडवायला बसली, की आबा खांद्यावर घोंगडी टाकून बाहेर पडायचे. दिवस बुडायच्या आत मेंढरं घरी आणणारा माणूस, आता तिचं लिहिणं संपल्यावर उगवायचा. पोरगी अभ्यास करताना दिसलेलीसुद्धा त्यांना सोसत नाही, हे उघड होतं. तिला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटून घेत बसायला वेळ कुणाला होता? ती पुढचा प्रश्न घ्यायची.

आजही ती आली तशी मोबाइलवर वेळ लावून बसली. बाहेर आबांच्या वहाणा वाजल्या आणि लांब गेल्या. तिनं लिहिलं, दिवाळीआधी मेंढरं उजेडी घरी येत, आता अंधार पडल्यावर येतात. पुढे हात आपसूक चालला, कारण वडील रागावले आहेत. तिनं जीभ चावली आणि पान टरकावलं.

नवीन पान. नुसतं काय बदललं ते. मेंढरांची वेळ बदलली. आणखी? आवाज. खिडकीमागेच वाघर होती, जाळीचं कुंपण, त्यात दिवसभर कोकरं कोंडलेली असत. संध्याकाळी मेंढरं परतली की आया ओरडत, कोकरं ओरडत, जिला तिला आपलं कोकरू सापडेपर्यंत असा कालवा व्हायचा की घरातल्या घरात बोललेलं ऐकू येत नसे. तिनं लिहिलं, दिवाळीआधी ह्या वेळी आवाज फार होता, आता अजिबात नाही.

लिहिलं आणि पेन थांबलं. मेंढरं उशिरा येतात, तर भुकेली कोकरं जास्तच ओरडायला हवीत. तिनं थंडीपायी लावून घेतलेली खिडकी उघडली. वाघर रिकामी होती.

तिची आई अनसाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"आई, कोकरं कुठं गेली?"

"तुझ्या आबास्नी इचार," आई मान वर न करता म्हणाली.

धनश्री तशीच निघाली. पाण्याची चारी ओलांडायच्या आधीच तिला आवाज ऐकू आला. लहानपणापासून ओळखीचा, तोच कालवा. पलीकडच्या मोकळ्या रानात कोकरं आयांना ढुशा देत पीत होती. वारं बोचरं होतं. आबांची घोंगडी जमिनीवर पडली होती, तिच्यावर कालच जन्मलेलं एक कोकरू निजलं होतं. दुसरं काखेत धरून आबा त्याची आई शोधत हिंडत होते.

तिला बघून कित्येक दिवसांनी आबांनी तोंड उघडलं. "एवढ्यात उठलीस? पेपर झाला?"

"आबा, ही रोज इथं का आणता?"

"घरी लई वरडत्यात."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलाय."

"रागावलोयच की. तू जावंस असं मला आजबी वाटत न्हाई." आबांनी मेंढी अडवली, कोकरू तिच्याखाली लावलं आणि ते प्यायला लागेपर्यंत वाकून उभे राहिले. मग म्हणाले, "पर त्यापायी तुझा पेपर बिघडावा, असं कवा म्हणलं मी? जा, बस जा. तुझं लिहून झाल्याबिगर ह्यातलं एकबी घरी यायचं न्हाई."