जोडलेल्या केसांची वेणी

१९९८ साली आजारपणात माझे केस विरळ झाले. लेकीच्या लग्नासाठी पार्लरवालीनं त्यांना कुणा अनोळखी बाईचे लांब केस जोडले आणि बजावलं, "झोपताना सैल वेणी घालायची, नाहीतर लग्नाआधीच जोड सुटतील."

माझे हात वर जात नव्हते. तरी उठले की वेणी घातलेली असे.

"वहिनी, किती करता माझं!"

"मी? वन्सं, माझाच अंबाडा दुपारपर्यंत टिकत नाही!"

त्या दुपारी मी झोपले, तेव्हा वहिनी उशाशी बसल्या. जाग आली तेव्हा वेणी तयार होती आणि वहिनी पार दाराशी उभ्या होत्या.

"घाबरू नका," त्या पुटपुटल्या. "हात हलका आहे तिचा."

लग्नात मी मिरवले. लेक संसारात रमली, पार्लर बंद झालं, वहिनी त्या दुपारी काय पाहिलं ते न सांगताच वारल्या. तिचे उपकार विसरू नयेत म्हणून जोडलेले केस मी काढले नाहीत. माझ्याबरोबर तेही पांढरे झाले.