सरांचं स्टॉपवॉच

“नवरदेवाला नाचवणारा बँड राष्ट्रगीत वाजवणार? बावन्न सेकंदांच्या पुढे एक जरी सेकंद गेला, तर पुन्हा सोसायटीत पाऊल नाही!” निवृत्त पी.टी. शिक्षक मिराशी सरांनी मीटिंगमध्ये ठणकावलं होतं.

स्वातंत्र्यदिनी ते मुठीत स्टॉपवॉच घेऊनच आले. झेंडा फडकला, बँडमास्तर बाबालालनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि सर सवयीने सावधान झाले. त्या सुरांनी अंगावर काटा उभा राहिला, पण सरांचं बोटसुद्धा हललं नाही.

राष्ट्रगीत संपताच बाबालाल घाम पुसत धावत आले. “सर, किती सेकंद झाले?”

सरांनी मूठ उघडली. घड्याळात शून्य! सावधानमध्ये बटण दाबणार कोण?

“बावन्न. बरोब्बर बावन्न!” सर खणखणीत आवाजात म्हणाले. “पुढच्या वर्षी दहा मिनिटं आधी या.”