स्वच्छ रान

"यांची पाठ पुसून होऊ दे, मग चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि नवऱ्याला हलकेच कुशीवर वळवलं.

नणंद दारातच थांबली. झटका येऊन भावाची वाचा आणि हातपाय गेले तेव्हा ती येऊन गेली होती, त्यानंतर आजच. खोलीत वास असेल, चादरी मळलेल्या असतील, असं धरूनच ती आली होती. पण फरशी लख्ख होती. पलंग खिडकीला लावला होता. खिडकी पलंगाच्या उंचीला आणलेली, झडपा मात्र बंद.

"गवंडी बोलावून खाली घेतली," वहिनी म्हणाली. "माणसानं नुसतं छताकडे किती बघायचं? आता पडल्या पडल्या शेत दिसतं. यावेळी ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून लावून ठेवते."

नणंदेला भरून आलं. ती भावाच्या उशाशी बसली.

"दादा, रस्त्याकडून चालत आले. गहू बघितला. पोटरीला आलाय, काळाभोर दिसतोय. आणि तण म्हणून नाही रे रानात. तू उभा असतास तरी याहून स्वच्छ ठेवलं नसतंस."

भावाच्या घशात घरघर सुरू झाली. डोळे बहिणीवर खिळले आणि पाणी कानापर्यंत ओघळलं.

"बघा, किती बरं वाटलं त्याला," नणंद म्हणाली.

"शेताचं नाव काढलं की असंच होतं त्यांना." वहिनीनं मऊ फडक्यानं त्याचे डोळे टिपले.

स्वयंपाकघरात चहा पिताना नणंदेनं विचारलं, "एकटीनं जमतं कसं हो तुम्हाला?"

"माती तपासून घेतली. जस्त कमी निघालं, ते आधी दिलं. युरिया एकदम ओतत नाही. थोडा पेरताना, बाकीचा पहिल्या पाण्याला. पण त्याआधी खुरपणी. नाहीतर खत घालायचं आपण आणि माजायचं तणानं. सगळं यांनीच शिकवलेलं."

"दादाचं शिकवणं!" नणंद हसली. "तणाची एक काडी राहिली तरी अख्खी ओळ परत काढायला लावायचा. रडवलंय त्यानं मला."

"मलाही लावली होती. आठव्या महिन्यात. निम्म्या ओळीतच कळा सुरू झाल्या."

नणंदेनं कप खाली ठेवला. त्या गेलेल्या बाळाबद्दल या घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

"तापट होता तेव्हा," ती हळूच म्हणाली.

"ओळ पुरी झाल्यावरच दवाखान्यात नेलं." वहिनीनं डब्याचं झाकण काढलं. "जाऊ दे ताई. बिस्किट घ्या, तुम्ही काहीच खाल्लं नाही."

नणंदेनं बिस्किट हातात घेतलं. "दुसरी कोणी असती तर त्याला असा टाकून गेली असती. तुमचं मन मोठं आहे, वहिनी."

"टाकून कसं चालेल? अजून पुष्कळ दिवस बघायचंय त्यांना."

निघताना नणंदेनं भावाच्या केसांवरून हात फिरवला. तो एकच आवाज पुन्हा पुन्हा काढत होता. "येते रे लवकर," असं म्हणत ती डोळे पुसत बाहेर पडली. वहिनी तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. दोघी गव्हाच्या कडेनं चालत होत्या. नणंद पानांवरून हात फिरवत राहिली.

परत येऊन वहिनीनं कप विसळले. उरलेला युरिया बादलीत घेतला आणि बादली दाराशी ठेवली. मग नवऱ्याच्या पाठीला उशा लावून तिनं त्याला उंच केलं आणि झडपा उघडल्या.

त्यानं डोळे गच्च मिटले. ती शेजारी उभी राहिली. तिला घाई नव्हती. शेवटी त्यानं डोळे उघडले.

"बहीण भली आहे तुमची," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलली बिचारी."

बादली उचलून ती घराला वळसा घालून मागे गेली. खिडकीपुढच्या पट्ट्यात तिनं हातानं पेरलेलं रानगवत कमरेपर्यंत आलं होतं. त्यापलीकडचा गहू पलंगावरून दिसत नव्हता. खिडकीकडे तोंड करून ती वाकली आणि त्या गवताच्या बुडाशी मूठ मूठ खत देऊ लागली.