हा पाण्याचा ओके

हिंदुरावांनी चाकणच्या कंपनीत तीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली. पार्ट हातात घ्यायचा, चारी बाजूंनी फिरवून बघायचा आणि 'ओके' म्हणून पुढं सरकवायचा. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, जिभेवर तेवढा 'ओके' राहिला.

त्यांची लेक विजयश्री दर रविवारी वाकडहून यायची. तिला मेला प्रत्येक ओके सारखाच वाटायचा.

"काय म्हणतायत गं?" ती विचारायची.

आई पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकघरातूनच सांगायची, "हा पाण्याचा ओके." थोड्या वेळानं, "हा रागाचा. आमटीत मीठ कमी पडलंय." आणि ती निघताना, "हा तुझ्यासाठी. पोचलीस की फोन कर म्हणतायत."

"तुला कसं कळतं गं एवढं?"

"त्यांनी जन्मभर पार्ट तपासले," आई हसायची, "आणि मी त्यांना."

आज सकाळी विजयश्रीनं बाबांची व्हीलचेअर हॉलमध्ये, माणसांच्या गर्दीतून पुढं आणली. त्यांचा डावा हात आईच्या गार हातावर ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, आई गेली."

ते कितीतरी वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ओके."



विजयश्री सवयीनं आईकडे वळली, "काय म्हणतायत गं?"