फुटबॉलचा पहिला मान

"खेळाडूंच्या निवडीत ह्या रिंगाला सगळ्यांत आधी उचलला म्हणून पहिल्याच सामन्यात उतरवायचा? वर्षभर बाकावर बसून शिकू दे त्याला," तालमीच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सर्जेराव वस्ताद म्हणाले.

"मिझोरामहून रिंगा बाकावर बसायला आलाय व्हय? उतरवा, नाहीतर शिट्टी ठेवा खाली!" तालमीची पोरं गरजली. वस्तादांनी नाइलाजानं त्याला उतरवलं.

पण कौतुकापायी पेठेनं सकाळपासून रिंगाला सात घरी जेवायला बसवून तांबडा-पांढरा रस्सा पाजला होता.

दहाव्या मिनिटाला रिंगा गोलसमोर उभा होता.

चाळिसाव्या मिनिटाला रिंगा तिथंच उभा होता.

शेवटच्या मिनिटाला कॉर्नरचा चेंडू त्याच्या पोटावर आदळून जाळ्यात गेला आणि तालीम जिंकली. त्याला खांद्यावर घ्यायला नऊ जण लागले.

वस्तादांनी कपाळावर हात मारला. मग हळूच विचारलं, "पुढच्या सामन्यादिवशी ह्याला जेवायला कोण कोण बोलावतंय?"