बुटांची करकर

आमच्या गावात डोळे मिटून दगड मारला तरी तो बूट शिवणाऱ्याच्याच दारावर आदळेल. ज्यांचं स्वतःचं दुकान नाही, ते कारखान्यात शिवतात.

तिथला मुकादम मांजराच्या पावलांनी येऊन पाठीशी उभा राहायचा. माझ्या बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून ती घटकाभर टेकली, तर मेल्याने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

आणि आठच दिवसांत माझ्याच दुकानात हजर! "नवे बूट हवेत, बाई. आवाज मात्र अजिबात नको."

"नाही होणार, साहेब, बसा ना," म्हणत मी माप घेतलं. बुटाच्या तळाचे दोन थर एकमेकांवर घासू नयेत म्हणून आम्ही मध्ये पावडर भुरभुरतो. ती मी भुरभुरलीच नाही. पावलागणिक करकर.

"गावात तू एकटीच आहेस का?" असं फणकारून तो समोरच्या दुकानात गेला, तिथून पलीकडच्या. सगळ्यांनी माप चोख घेतलं, शिवण पक्की घातली. पावडर मात्र नेमकी प्रत्येकाकडची संपलेली.

शेवटी त्याने घरी जाऊन सगळे बूट आईपुढे आदळले. म्हातारीची अख्खी हयात त्याच कारखान्यात उभ्याने गेली होती.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "मी देते शिवून."

आता तो कारखान्याच्या फाटकाशी असतानाच आतल्या बायकांना कळतं. आईच्या हातचे बूट सगळ्यांत मोठ्याने वाजतात.